डाल्टन ते थॉमसन, मधली नव्वद वर्षं अणू होता कुठे?

तळ्यात_मळ्यात (धागाकर्ता):

शाळेचं कुठलंही विज्ञानाचं पुस्तक उघडा, अणूच्या इतिहासाचे थांबे ठरलेले. ग्रीसचा डेमोक्रिटस, आपले कणाद, मग एकदम उडी मारून १८०८ चा डाल्टन, मग थेट १८९७ चा थॉमसन आणि त्याचा इलेक्ट्रॉन, मग रदरफोर्ड, बोर, चॅडविक, धडा संपला, खालील प्रश्नांची उत्तरे लिहा. डाल्टन आणि थॉमसनच्या मध्ये जवळजवळ नव्वद वर्षं आहेत राव. वाचून असं वाटतं की डाल्टनने सांगितलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मग नव्वद वर्षं कोणी काही बोललंच नाही.

प्रत्यक्षात उलटं होतं. त्या काळात रसायनवाले रोज अणू वापरत होते, त्यावर आकडेमोड करत होते, नवनवीन संयुगं तयार करत होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा अणू नावाची वस्तू खरोखर अस्तित्वात आहे यावर काडीचा विश्वास नव्हता. मला हा भाग सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो म्हणून हा धागा.

डाल्टन मुळात हवामानाचा माणूस. मँचेस्टरला शिकवण्या करून पोट भरायचा, रोजच्या हवामानाच्या नोंदी मरेपर्यंत ठेवल्या, आणि हवेत वेगवेगळे वायू एकमेकांत मिसळून कसे राहतात, पाण्यात कोण जास्त विरघळतो कोण कमी, याचा विचार करता करता अणूंच्या वजनापाशी आला. त्याचं खरं काम 'अणू असतात' हे सांगणं नव्हेच, ते लोक दोन हजार वर्षं सांगतच होते. त्याने अणूला वजन दिलं. हायड्रोजन १ धरा आणि बाकीच्यांचं वजन त्याच्या पटीत मांडा. पहिलं कोष्टक १८०३ चं.

आता इथेच गोची आहे. पाण्यात वजनाने हायड्रोजनच्या एका भागाला ऑक्सिजनचे आठ भाग असतात (डाल्टनचा आकडा आधी साडेपाच आणि नंतर सात, प्रयोगात हात काही फार स्वच्छ नव्हता त्याचा). पण म्हणून ऑक्सिजनचा अणू आठपट जड असं कधी म्हणता येईल? पाण्यात दोघांचा एकेकच अणू असेल तर. हायड्रोजनचे दोन असतील तर सोळापट. म्हणजे वजन काढायला फॉर्म्युला पाहिजे आणि फॉर्म्युला काढायला वजन पाहिजे, बसा आता. डाल्टनने नियमच करून टाकला की दोन मूलद्रव्यांचं एकच संयुग माहीत असेल तर एकास एक धरायचं, का तर ते सगळ्यात सोपं. पाणी झालं एचओ.

पॅरिसला गे-ल्युसॅकने १८०८ मध्ये दाखवलं की दोन लिटर हायड्रोजन आणि एक लिटर ऑक्सिजन घेतला की दोन लिटर वाफ होते, आकडे असे नेहमी पूर्णांकात येतात. १८११ ला इटलीतल्या अ‍ॅव्होगाड्रोने त्याचा अर्थ लावला: सारख्या तापमान-दाबाला सारख्या आकारमानात सारखेच रेणू, आणि ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा, म्हणून तर तो अर्धा अर्धा होऊन दोन लिटर वाफेत वाटला जातो. एवढं स्वच्छ उत्तर! आणि पन्नास वर्षं ते बहुतेकांनी बाजूला ठेवलं. डाल्टनचं म्हणणं, सारखे अणू एकमेकांना दूर ढकलतात, मग ऑक्सिजनचे दोन एकत्र राहतील कसे? स्वीडनचा बर्झेलियस, त्या काळी रसायनशास्त्रात त्याचा शब्द शेवटचा, त्याचा हिशोब विजेचा होता, एकाच जातीच्या अणूंवर एकाच जातीचा भार, ते चिकटणार कशाला?

परिणाम काय, तर प्रत्येकाचं कोष्टक वेगळं. कोणी कार्बन ६ धरतो कोणी १२, कोणी ऑक्सिजन ८ कोणी १६. केकुलेने १८६१ च्या आपल्या पुस्तकात अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे, म्हणजे व्हिनेगरमधलं साधं आम्ल बरं का, एकोणीस वेगवेगळे फॉर्म्युले छापलेत, सगळे कोणी ना कोणी वापरत असलेले. फ्रान्सचा ड्युमा तर इतका वैतागला की भर व्याख्यानात म्हणाला, माझ्या हातात असतं तर अणू हा शब्दच विज्ञानातून पुसून टाकला असता.

शेवटी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरुहे इथे युरोपभरचे सव्वाशेच्या वर केमिस्ट तीन दिवस बसले. रसायनशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद हीच. ठराव बिराव काही धड झाला नाही, पण निघताना लोकांच्या हातात इटलीच्या कान्निझारोची एक पुस्तिका पडली, त्यात अ‍ॅव्होगाड्रोचं म्हणणं धरून सगळी वजनं कशी नीट लागतात ते मांडलं होतं. जर्मन केमिस्ट लोथर मायर म्हणतो की ती वाचल्यावर डोळ्यांवरचा पडदा गळून पडला. मेंडेलीव्हही त्या परिषदेला हजर होता, आणि नऊ वर्षांनी आवर्तसारणी आली. वजनांची यादी धड नसती तर ती लावणार कशी?

अ‍ॅव्होगाड्रो १८५६ लाच वारला होता.

पुढचं भौतिकवाल्यांनी लिहावं, कारण कार्ल्सरुहेनंतर भांडण संपलं नाही, नुसतं त्यांच्या अंगणात गेलं.

चकली_खमंग:

मस्त लिहिलंय, वाचनखूण साठवली. पण एक कळलं नाही, अणूवर विश्वास नाही आणि तरी अणुभार वापरायचे म्हणजे नक्की काय करायचे? असं कसं चालेल?

रसायनवाली:

चकलीताई, अगदी व्यवस्थित चालायचं. त्यांचं म्हणणं असं की आठ ग्रॅम ऑक्सिजन एक ग्रॅम हायड्रोजनशी जुळतो ही प्रयोगशाळेत दिसणारी गोष्ट आहे, तिला 'तुल्यभार' म्हणू, कोष्टक करू आणि काम चालू ठेवू. त्या आठ ग्रॅमच्या पाठीमागे कण आहेत का आणि असले तर केवढे, हे बोलायची गरज काय? आजही कॉलेजात टायट्रेशन करताना आम्ही नॉर्मॅलिटी वापरतो ना, तो त्याच घराण्याचा वारसा. बर्नर लावताना, ब्युरेट वाचताना अणूची आठवणसुद्धा येत नाही, खरं सांगते.

आणि हा हेका किती टिकला बघा. फ्रान्समध्ये बर्थेलो, मोठा माणूस, सेंद्रिय संश्लेषणात केवढं काम, तो १८९० च्या आसपासपर्यंत अणूच्या चिन्हांना नाकच मुरडत होता. मध्ये १८८६-८७ ला शिक्षणमंत्रीही होता, म्हणजे तिकडे पोरं काय शिकली असतील त्याची कल्पना करा. पाण्याचा फॉर्म्युला पॅरिसमध्ये एक आणि राइन ओलांडली की दुसरा.

तरी एक सांगते. माझ्या मते रसायनवाल्यांना अणू पटवला तो वजनांनी नाही, आकारांनी पटवला. १८७४ मध्ये व्हांट हॉफ आणि ले बेल या दोघांनी वेगवेगळं म्हटलं की कार्बनचे चार हात चौफलकाच्या चार कोपऱ्यांकडे असतात, म्हणून काही पदार्थांची डावी-उजवी जोडी असते. आता डावं-उजवं असायला वस्तू अवकाशात कुठेतरी असावी लागते ना, नुसत्या तुल्यभाराला डावा हात कुठून येणार! कोल्बे नावाच्या बड्या जर्मन केमिस्टने तेव्हा व्हांट हॉफची छापील टिंगल केली, पशुवैद्यकीय कॉलेजात नोकरी करणारा हा पोरगा कल्पनेच्या घोड्यावर बसून उडतोय वगैरे. पुढे १९०१ ला रसायनशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्याच पोराला मिळालं.

रणगाडा_७७:

धागा चांगला आहे पण कणादांना एका ओळीत उरकलंत. आपल्याकडे हे सगळं डाल्टनच्या दोन हजार वर्षं आधी लिहून ठेवलेलं आहे. द्व्यणुक, त्र्यणुक म्हणजे काय? रेणूच ना? पण घर की मुर्गी.

जुना_मास्तर:

रणगाडासाहेब, उरकू नये हे मान्य, मग जरा नीटच बघू. वैशेषिकांचे, म्हणजे कणादांच्या दर्शनाचे, परमाणू चार जातींचे, पृथ्वी, आप, तेज, वायू. दोन परमाणूंचं एक द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं एक त्र्यणुक, आणि झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत जो धुळीचा कण तरंगताना दिसतो तो हा त्र्यणुक, दिसणाऱ्या गोष्टींमधला सगळ्यात लहान. म्हणजे आपण ज्याला रेणू म्हणतो तो हा नव्हे. पण त्यामागचा युक्तिवाद मला फार आवडतो: वस्तू कितीही कापत गेलं तरी कापता येत असेल तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा यांत फरक उरणार नाही, दोघांचेही अनंत तुकडे. म्हणून कुठेतरी थांबलंच पाहिजे.

आता गंमत ऐका. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोममध्ये ल्युक्रेशियस कवीने अणूंवर लांबलचक काव्य लिहिलं, त्यातही हाच मुद्दा आहे की सगळ्यात लहान असं काही नसेल तर अख्खं विश्व आणि लहानात लहान वस्तू सारखीच ठरेल. आणि त्यातही उन्हाच्या तिरिपेत नाचणारे धुळीचे कण आहेत! फक्त तो म्हणतो की हे कण नाचतात कारण न दिसणारे आणखी बारीक कण त्यांना धक्के देतात. (धुळीच्या बाबतीत ते मुख्यतः हवेच्या झुळुका असतात, पण कल्पना बघा.)

दोन्हीकडे डोकं लावून विचार केलेला आहे, आणि दोन्हीकडे तराजू नाही. मी दोघांनाही सारखाच मान देतो. डाल्टनच्या आधी सांगितलं की नंतर, ही शर्यत लावण्यात मला रस नाही, कारण धावपट्टीच वेगळी आहे.

रणगाडा_७७:

मेरू आणि मोहरी माहीत नव्हतं. हे शाळेत का नाही सांगत?

जुना_मास्तर:

चाळीस मिनिटांचा तास, साठ पोरं, त्यात हजेरी. मी सांगायचो, पोर्शन मागे पडायचा.

उष्मागतिक:

भौतिकवाल्यांना हाक मारलीत म्हणून येतो, जरा लांबण लागेल.

पहिल्यांदा अणूच्या विरोधकांच्या बाजूने बोलतो, कारण त्यांना हट्टी म्हातारे म्हणून सोडून द्यायची पद्धत आहे आणि ते मला पटत नाही. १८६० च्या सुमाराला मॅक्सवेलने वायूचा गतिज सिद्धांत मांडला: वायू म्हणजे इकडेतिकडे धावणारे रेणू, दाब म्हणजे त्यांच्या धडका, तापमान म्हणजे त्यांची गतिज ऊर्जा. १८६५ ला व्हिएन्नाच्या लोश्मिटने त्यावरून हवेच्या रेणूचा आकारही काढला, साधारण मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा, म्हणजे बऱ्यापैकी बरोबर. झकास. पण याच सिद्धांताने वायूच्या दोन विशिष्ट उष्मांचं (एक दाब तोच ठेवून तापवताना लागणारी उष्णता, दुसरी आकारमान तेच ठेवून) गुणोत्तर काढलं की घोळ. दोन अणूंचा रेणू फिरतो, थरथरतो, सगळं धरून हिशोब केला तर हवेसाठी उत्तर १.३३ किंवा त्याहून कमी येतं, आणि मोजलं तर १.४. आकडा हट्टाने १.४ च. खुद्द मॅक्सवेलने ही आपल्या सिद्धांतापुढची सगळ्यात मोठी अडचण आहे असं सांगितलं. त्यात वर्णपटात एकेका मूलद्रव्याच्या ढीगभर रेषा दिसत होत्या, म्हणजे अणूच्या आत काहीतरी हलतंय, मग ती हालचाल उष्णता का खात नाही? याचं उत्तर क्वांटम येईपर्यंत मिळणारच नव्हतं. तेव्हा १८९० ला जो कोणी म्हणत होता की तुमचे अणू कामचलाऊ चित्र आहेत, खरे म्हणून गळ्यात मारू नका, तो मूर्ख नव्हता.

एर्न्स्ट माख हा त्यांचा म्होरक्या. विज्ञानाने फक्त अनुभवात येणाऱ्या गोष्टींमधले संबंध सांगावेत, अणू म्हणजे विचाराची काटकसर करायला बनवलेलं साधन, असं त्याचं तत्त्वज्ञान. कोणी अणूचं नाव काढलं की विचारायचा म्हणे, 'तुम्ही पाहिलाय का एखादा?' जर्मन केमिस्ट ओस्टवाल्ड त्याच्याही पुढे, म्हणे सगळं ऊर्जाच आहे, पदार्थ वगैरे सोडून द्या. समोर व्हिएन्नाचा बोल्ट्झमन, वायूचा गतिज सिद्धांत पुढे नेणारा. १८९५ ला ल्युबेकच्या सभेत जोरदार जुंपली. तरुण सॉमरफेल्ड तिथे होता, त्याने नंतर लिहिलंय की बैल आणि बुलफायटरची झुंज होती, ओस्टवाल्डचे डाव सफाईदार, पण या वेळी बैल जिंकला.

जिंकला तरी लोक लगेच बदलले असं नाही. ५ सप्टेंबर १९०६ ला त्रिएस्तेजवळ दुइनो इथे सुट्टीला गेलेला असताना बोल्ट्झमनने आत्महत्या केली. त्याचं एक ठरीव स्पष्टीकरण असतं की विरोधकांनी मारलं बिचाऱ्याला. मला ते पटत नाही, तो बरीच वर्षं आजारी होता, नैराश्याचे मोठे झटके येऊन गेले होते, माणसाचं मन असं एका कारणावर चालत नाही. पण वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. वर्षभर आधी, मे १९०५ मध्ये, बर्नच्या पेटंट ऑफिसातल्या एका कारकुनाने त्याचा खटला जिंकून देणारा पेपर पाठवला होता.

चकली_खमंग:

हायला, आइनस्टाइन! क्रमशः टाकू नका हं, आत्ताच लिहा.

उष्मागतिक:

लिहितो. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतीवाल्याने परागकणांतून बाहेर पडलेले बारीक कण पाण्यात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर ते सतत वळवळत होते. जिवंत असतील म्हणावं तर त्याने काच, धातू, दगडाची पूड, अगदी इजिप्तच्या स्फिंक्सचा तुकडासुद्धा कुटून बघितला, तेही नाचतात. पुढे सत्तर-ऐंशी वर्षं लोकांनी त्या कणांचा 'वेग' मोजायचा प्रयत्न केला आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं, कारण तो कण सेकंदाला असंख्य वेळा दिशा बदलतो, तुम्ही दोन क्षण जितके जवळचे घ्याल तितका वेग वाढत जातो. वेग विचारणंच चुकीचं होतं. आइनस्टाइनने विचारलं की ठरावीक वेळाने कण मूळ जागेपासून किती लांब असेल, आणि उत्तर आलं, वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. चौपट वेळ, दुप्पट अंतर. एक मायक्रॉनचा कण पाण्यात एका मिनिटात सरासरी सहा मायक्रॉन सरकेल, असा आकडाच दिला, आता कोणीतरी मोजून दाखवा. पोलंडचा स्मोलुखोव्स्की स्वतंत्रपणे तिथेच पोहोचला, १९०६ मध्ये.

आकडा देण्यातली मेख लक्षात घ्या. त्या सूत्रात अ‍ॅव्होगाड्रोचा आकडा आहे. म्हणजे घड्याळ, सूक्ष्मदर्शक आणि पट्टी घेऊन रेणू मोजता येतात.

रसायनवाली:

आणि मोजले आमच्याकडच्या माणसाने! म्हणजे झाँ पेरँने, सोरबॉनला भौतिक-रसायन शिकवायचा, तेव्हा निम्मा आमचाच. मला त्याची मेहनत फार भावते म्हणून मीच लिहिते.

त्याने गॅम्बोज नावाचा पिवळा डिंक घेतला, चित्रकार वापरायचे तो. पाण्यात घासला की पिवळं दूध होतं, आत गोल गोल कण. पण कण सगळे एका मापाचे पाहिजेत, म्हणून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरव, वेगळे कर, परत फिरव. एक किलो डिंक घेऊन काही महिन्यांनी हाताशी आले ते ग्रॅमचे काही दशांश. मग ते पाण्याच्या अगदी पातळ थरात सोडायचे आणि बघायचं की वर जाताना कण किती विरळ होतात, जशी डोंगर चढताना हवा विरळ होते तसेच. हवेला निम्मं व्हायला पाचसहा किलोमीटर लागतात, या कणांना मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायचं. त्याचे गाजलेले आकडे असे: खालून ५, ३५, ६५, ९५ मायक्रॉनवर कणांचं प्रमाण १००, ४७, २२.६, १२. दर तीस मायक्रॉनला जवळजवळ निम्मं. मोजताना सगळे हलतायत, म्हणून डोळ्यासमोरचा भाग टाचणीच्या भोकाएवढा करून घ्यायचा, म्हणजे एका नजरेत दोन-तीनच कण दिसतील, पटकन आकडा म्हणायचा, परत बघायचं, हजारो वेळा.

त्यावरून अ‍ॅव्होगाड्रोचा आकडा आला ७ गुणिले १० चा २३ वा घात याच्या जवळपास. आज तो ६.०२२१४०७६ असा पक्का ठरवूनच टाकलाय, २० मे २०१९ पासून. डिंकाच्या गोळ्या मोजून आलेलं उत्तर म्हणून सात काही वाईट नाही!

पण नुसता हा आकडा नाही. पेरँने १९१३ च्या पुस्तकात डझनभर वेगवेगळ्या वाटांनी काढलेले आकडे शेजारी शेजारी मांडले: ब्राउनचे कण, आकाशाचा निळा रंग, तापलेल्या वस्तूचा प्रकाश, किरणोत्सारातून निघणारे कण, वायूंचा चिकटपणा. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले विषय आणि उत्तर सगळीकडे सहा-सातच्या घरात. आता अणू नसतील तर हा योगायोग कसा होतो ते सांगा! माझ्या मते अणू सिद्ध झाला तो इथे, कुठल्याही एका प्रयोगात नाही. ओस्टवाल्डने १९०८-०९ च्या सुमारास आपल्या पाठ्यपुस्तकाच्या प्रस्तावनेत चक्क लिहून दिलं की आता पुरावा मिळाला, मला मान्य. बडा माणूस छापून असं म्हणतो, कौतुक आहे. माखला शेवटपर्यंत काही मनापासून पटलं नाही, तो १९१६ ला गेला.

मालवणी_मसाला:

अवांतर: गॅम्बोज म्हणजे गार्सिनिया जातीच्या झाडाचा चीक, आणि आमचो रातांबो म्हणजे कोकमसुद्धा गार्सिनियाच, गार्सिनिया इंडिका. कच्च्या फळाला चीर दिली की पिवळा चीक येतो बघा, हाताला चिकटला की जाता जात नाही. अणूच्या पुराव्यात आमच्या सोलकढीच्या चुलतभावाचा हात आहे हे वाचून धन्य झालो. पेरँचं झाड मात्र कंबोडियाकडचं.

पोर_बारावीतलं:

सर्व मोठ्या माणसांना एक प्रश्न. इलेक्ट्रॉन १८९७ ला सापडला आणि अणू आहे हे १९०८ ला पटलं, म्हणजे अणूचा तुकडा आधी सापडला आणि अख्खा अणू नंतर?? आणि मग रदरफोर्ड कुठे बसतो यात? आम्हाला तर सगळं एका रांगेत शिकवलंय.

तळ्यात_मळ्यात:

शाब्बास रे, हेच तर. अणू आहे हे पटायला आणि तो फुटायला एकच मुहूर्त लागला. पेरँ कण मोजत होता तेव्हाच, १९०९ मध्ये, मँचेस्टरला रदरफोर्डने वीस वर्षांच्या मार्सडेनला सांगितलं की अल्फा कण धातूच्या पत्र्यावरून मागे उलटतात का बघ. गायगर बरोबर होताच. अंधारात डोळे सरावेपर्यंत बसायचं आणि मग पडद्यावरच्या बारीक चमका डोळ्यांनी मोजायच्या, मशीन नाही काही नाही. साधारण आठ हजारांत एक कण उलटा येत होता. त्याचा अर्थ लावायला रदरफोर्डला दोन वर्षं लागली, १९११ च्या पेपरात आलं की अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान मध्यभागी एवढ्याशा जागेत आहे. सुरुवातीला त्याकडे फार कोणी लक्षही दिलं नाही, थॉमसनच्या अणूला (धनभाराच्या गोळ्यात इलेक्ट्रॉन, पुस्तकातलं 'प्लम पुडिंग') धक्का बसल्याचा बोभाटा वगैरे नंतरचा. (रच्याकने, प्लम पुडिंग हे नाव थॉमसनने स्वतः दिलेलं नाही, आणि त्याच्या अणूत इलेक्ट्रॉन नुसते रुतून बसलेले नसून कड्यांमध्ये फिरत होते.)

१९१३ ला बोरने इलेक्ट्रॉनच्या कक्षा ठरवल्या ते तुम्हाला येतंच. त्याच वर्षी मोझलीने क्ष-किरण मोजून मूलद्रव्यांचे नंबर लावले. हा मला डाल्टनचा खरा उत्तराधिकारी वाटतो आणि खरा पाडाव करणाराही. डाल्टनने अणूची ओळख वजनावर ठेवली होती. आता बघ, कोबाल्ट निकेलपेक्षा किंचित जड आहे, म्हणजे वजनाने रांग लावली तर निकेल आधी यायला पाहिजे, पण गुणधर्म म्हणतात कोबाल्ट आधी. मोझली म्हणाला कोबाल्ट २७, निकेल २८, विषय संपला, वजन नाही तर केंद्रकाचा भार महत्त्वाचा. ४३, ६१, ७२, ७५ या जागा रिकाम्या आहेत हेही सांगून टाकलं, पुढे चारही भरल्या. आणि तिकडे सॉडीने दाखवलं की एकाच मूलद्रव्याचे अणू वेगवेगळ्या वजनाचे असू शकतात. मोझली १० ऑगस्ट १९१५ ला गॅलिपोलीच्या लढाईत गोळी लागून मेला, वय २७.

पोर_बारावीतलं:

२७??

चौकट_राजा:

मी जरा विरोधी सूर लावतो. हे सगळं वाचायला भारी आहे, पण आठवीच्या पोराला कार्ल्सरुहे आणि माख कशाला हवेत? त्याला इलेक्ट्रॉनची मांडणी आली पाहिजे, समीकरण संतुलित करता आलं पाहिजे. इतिहासाची गल्ली न गल्ली फिरवत बसलात तर बेंझीनपर्यंत पोचणार कधी?

जुना_मास्तर:

चौकटराव, सगळ्या गल्ल्या नकोत, एकच चालेल. एचओ की एच-टू-ओ एवढंच फळ्यावर मांडा आणि म्हणा, चला सांगा, तुमच्याकडे फक्त तराजू आहे, यातलं बरोबर कुठलं? मी हे करून बघितलंय. पहिल्या बाकावरची हुशार पोरं म्हणतात 'सर एच-टू-ओ, पुस्तकात आहे'. मागच्या बाकावरचा एखादा म्हणतो 'सर, नाहीच सांगता येणार'. त्याला शंभरपैकी शंभर. मग गे-ल्युसॅकचे लिटर दिले की वर्ग आपोआप पेटतो.

चौकट_राजा:

बरं, एवढं चालेल. पण मग तो माखचा प्रश्न लटकतोच की. पाहिला का कोणी शेवटी?

उष्मागतिक:

पाहिला, आणि पाहणाऱ्यांत एक भारतीय होता, हे आपल्याकडे फार कोणाला माहीत नसतं. ११ ऑक्टोबर १९५५, अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात एर्विन म्युलरच्या लॅबमध्ये त्याचा पीएचडीचा विद्यार्थी कंवर बहादूर याने टंगस्टनच्या सुईचं अतिशय बारीक टोक खूप थंड केलं, भोवती थोडासा हेलियम, सुईला काही हजार व्होल्ट. टोकावरच्या एकेका अणूपाशी हेलियमचे अणू इलेक्ट्रॉन गमावतात आणि सरळ रेषेत पडद्यावर जाऊन आदळतात, म्हणजे अणूची मांडणी लाखो पटींनी मोठी होऊन पडद्यावर उमटते. ठिपक्यांची वर्तुळं दिसली, प्रत्येक ठिपका एक अणू. या यंत्राला फील्ड आयन मायक्रोस्कोप म्हणतात. लोकांना १९८१ चं स्कॅनिंग टनेलिंग माहीत असतं आणि आयबीएमने १९८९ मध्ये झेनॉनचे ३५ अणू मांडून स्वतःचं नाव लिहिलं ते माहीत असतं, हे नाही.

चौकट_राजा:

हे खरंच माहीत नव्हतं. याच्यावर वेगळा धागा काढा.

चकली_खमंग:

मला ते ब्राउनचं घरी बघायचंय. मुलाचा शाळेतला मायक्रोस्कोप आहे, ४०० पट वाला. गॅम्बोज कुठून आणू? दुकानात त्या नावाची रंगाची ट्यूब दिसली होती.

रसायनवाली:

ती ट्यूब नको, हल्ली नाव तेच असलं तरी आत बहुतेक वेळा वेगळंच रंगद्रव्य असतं. दूध घ्या. एक थेंब दूध आणि बरंच पाणी, पांढरट झाक जेमतेम राहील एवढं पातळ, त्यातला एक थेंब काचपट्टीवर, वर कव्हर स्लिप आणि कडेने व्हॅसलिन किंवा नेलपेंट लावून बंद करा. हे बंद करणं महत्त्वाचं, नाहीतर पाणी सुकताना सगळे कण एकाच दिशेला वाहत जातात आणि लोक त्यालाच ब्राउनची हालचाल समजतात. खरी हालचाल म्हणजे शेजारशेजारचे दोन कण एकमेकांशी अजिबात न जुळणारी थरथर करतात. मोठ्या गोळ्या जवळजवळ स्थिर दिसतील, बारीकांकडे बघा. प्रकाश कमी ठेवा.

चकली_खमंग:

म्हशीचं चालेल का टोन्ड पिशवी?

रसायनवाली:

पिशवी बरी, आणि वर होमोजिनाइज्ड लिहिलेली असेल तर उत्तम, त्यात स्निग्धाचे गोळे फोडून बारीक केलेले असतात. म्हशीच्या कच्च्या दुधातले गोळे मोठे, ते नुसते बसून राहतील.